दुसऱ्या डोळ्याची अट

घर दाखवण्याआधी त्यांनी मला चष्म्याचा नंबर विचारला.

मी बँकेत अधिकारी. बदलीवर कलकत्त्याला आले होते. नवरा नाशकात, मुलगा होस्टेलवर. डमडमच्या शाखेत चालत जाता येईल असं घर हवं होतं, आणि एक मराठी गृहस्थ वरचा मजला भाड्यानं देतात असं कळलं म्हणून गेले. दार उघडलं ते सत्तरी ओलांडलेल्या माणसानं. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पायात पॉलिश केलेले काळे बूट. रविवार सकाळ होती आणि कुठे बाहेर निघालेत असं काही दिसत नव्हतं.

"नंबर जवळचा की लांबचा?"

"दोन्ही."

"मोतीबिंदू?"

"अजून नाही. काका, मला घर बघायचंय."

"घर वर आहे, कुठे जात नाही. ते कॅलेंडर दिसतंय? खालची बारीक अक्षरं वाचा."

मी वाचली. कुठली तरी एकादशी होती. त्यांचं समाधान झालं आणि मग किल्ली निघाली. घर चांगलं होतं, हवेशीर, पाण्याची ओरड नाही. अट एकच होती. दर रविवारी बारा ते एक खालच्या मजल्यावर मागच्या खोलीत बसून फोटो बघायचे. इंग्रजी करारनाम्याच्या तळाशी त्यांनी ती मराठीत हातानं लिहिली होती: 'भाडेकरूने दुसरा डोळा म्हणून काम करावे.' नोटरीला मराठी येत नसल्यामुळे ते खपून गेलं. मला वाटलं, चार रविवार जातील, मग म्हातारा विसरेल. विसरला नाही. तीन वर्षं मी दुसरा डोळा होते.

काका केंद्र सरकारच्या कुठल्याशा कार्यालयात होते. तीन वर्षांच्या बदलीवर इथं आले आणि राहिले ते राहिलेच. का राहिलात, असं विचारलं तर म्हणायचे, "सामान फार झालं होतं." घरात सामान असं नव्हतंच. दोन खोल्यांत दोन कॉम्प्युटर, आणि कपाटभर कागद.

त्यांचा उद्योग असा. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अवकाश दुर्बिणीनं वर्षानुवर्षं काढलेले फोटो परदेशातल्या एका संस्थेनं हौशी लोकांसाठी खुले केले होते. दुर्बीण दूरच्या दीर्घिकांचे फोटो काढत होती, पण मध्येच एखादा लघुग्रह आडवा गेला की फोटोत त्याची रेघ उमटायची. तारे ठिपक्यांसारखे, लघुग्रह रेघेसारखा. मशीनला या रेघा नेहमी सापडतात असं नाही, माणसाच्या डोळ्याला सापडतात. काका त्या शोधत. फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली रेघ म्हणजे माणसानं सोडलेला उपग्रह, ती सोडून द्यायची. बारीक तुटक ठिपके म्हणजे कॅमेऱ्यावर आदळलेले किरण, तेही सोडायचे. आणि वाकलेली रेघ दिसली की थांबायचं. दुर्बीण स्वतः फिरत असते, म्हणून जवळच्या वस्तूची रेघ वाकते. जितकी जवळ तितकी वाकडी. दूरच्या पट्ट्यातले लघुग्रह हजारो आहेत. काकांना हवा होता तो पृथ्वीच्या आसपास फिरणारा, अजून कुणाच्या यादीत नसलेला.

मी पहिल्याच रविवारी विचारलं, "मग दुर्बीण कुठाय? गच्चीवर?"

"आकाशाकडे बघून काही कळत नाही," ते म्हणाले. "मान दुखते."

खरंच, त्यांना मी कधी वर बघताना पाहिलं नाही. घरावरून विमानं इतकी खालून जात की चहात तरंग उठे, तरीही नाही. रात्री साडेआठला ते झोपत. त्यांचं आकाश सकाळी अकराला उघडे आणि एकला बंद होई, आणि त्या दोन तासांसाठी ते बूट घालून बसत. चपला घालून केलेलं काम ढिलं होतं, असं त्यांचं मत होतं. मलाही सांगून पाहिलं. मी ऐकलं नाही.

बाजारात ते सगळ्यांना माहीत होते. मासेवाला सुरी थांबवून विचारायचा, "दादू, कॉबे पोड़बे?" म्हणजे आजोबा, कधी पडणार? काका थैली सावरत गंभीरपणे उत्तर द्यायचे, "एखोन ना." इतक्यात नाही. हवामान खात्यानं सांगावं तसं. मग मासेवाला त्यांना मुद्दाम डोक्याकडचा तुकडा द्यायचा आणि काका म्हणायचे, "बघा, भीतीपोटी देतो."

तर कामाची पद्धत. अकरा ते बारा पुढच्या खोलीत ते, बारा ते एक मागच्या खोलीत मी. दोघांसमोर तेच फोटो, त्याच क्रमानं. प्रत्येकाजवळ चौकटी आखलेला कागद, फोटो जितके तितक्या चौकटी. रेघ दिसली तर चौकटीत जागा दाखवून फुली. एकमेकांशी बोलायचं नाही. खोकलेलंही चालत नसे. "खोकू नका, संशय येतो." बारा वाजता मिनोती, त्यांची कामवाली, पोहे आणून ठेवी, मोहरीच्या तेलातले. ते तेल पोह्यात घालू नये हे मी तीन वर्षं सांगत होते. एकला दोन्ही कागद कपाटात जात. चार वाजता चहा, आणि चहाबरोबर ते बाहेर काढून शेजारी शेजारी ठेवायचे. दोघांची फुली एका जागी असेल तर रेघ खरी, पाठवायची. एकाचीच असेल तर नाही. मग ती काकांची का असेना.

मला हे पटलं, कारण आमच्या बँकेत तेच आहे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची. फरक एवढाच की बँकेत दुसरा बहुतेक वेळा न बघता मंजूर करतो.

माझ्याआधी दुसरा डोळा काकू होत्या. मी यायच्या दोन वर्षं आधी त्या गेल्या. त्यांचा फोटो घरात नव्हता, निदान दिसेल असा नव्हता. पण मागच्या खोलीतली खुर्ची त्यांची होती आणि ती माझ्या उंचीला कमी पडत असूनही खाली उशी घ्यायची परवानगी मला चार महिन्यांनी मिळाली. मधल्या दोन वर्षांत काका एकटेच फोटो बघत राहिले होते. त्या काळातले कागद कपाटात वेगळे ठेवलेले. प्रत्येक भरलेल्या कागदाला दुसरा कोरा कागद टाचलेला. शेजारणीला विचारून पाहिलं होतं, म्हणाले, पण ती गाणं गुणगुणायची.

एकदा चहाच्या वेळी मी सहज विचारलं, "इतक्या वर्षांत जवळचा एकही नाही?"

"एक आहे."

"मग?"

"दुसऱ्या डोळ्यानं नाही म्हटलंय." त्यांनी बशी पुसली. "रेघ चांगली वाकलेली आहे. कोयरीसारखी. पण अट म्हणजे अट."

"कधीची गोष्ट?"

"ती होती तेव्हाची."

मी म्हटलं, मला दाखवा, मी बघते. ते म्हणाले, "एकदा निकाल लागला की लागला." आणि विषय विमानांच्या आवाजावर नेला. पण तो एक फोटो त्यांच्या डोक्यातून गेला नव्हता. अशी वस्तू जितकी उशिरा कळवावी तितकी ती पुन्हा सापडायची शक्यता कमी होते, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. आज कळवली तर कुणीतरी जुन्या-नव्या फोटोंत तिची दुसरी रेघ शोधेल आणि तिचा मार्ग बांधेल. उद्या ती कुठे असेल ते कोण सांगणार? हे सगळं समजणारा माणूस ती दाबून बसला होता, आणि एवढ्यात कॅनडाहून मुलीचे फोन वाढले होते. दिवाळीनंतर ती त्यांना कायमचं न्यायला येणार होती. घर विकायचं ठरलं होतं. कागदांचं काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "रद्दीवाला नेईल. त्याचा काटा बरा आहे."

त्या कागदांनीच घोळ केला.

काका पेन्सिलीनं लिहीत आणि इतकं दाबून लिहीत की कागद मागून खरखरीत लागे. पॅडवरचा वरचा कागद त्यांचा, तो भरला की फाडून घ्यायचे आणि पॅड मला द्यायचे. पहिल्याच महिन्यात खिडकीतून तिरका उजेड माझ्या कोऱ्या कागदावर पडला आणि मला त्यांच्या फुल्या दिसल्या. खालच्या कागदावर वळ उठले होते. मी तिथल्या तिथे पुढच्या खोलीत गेले.

"काका, ह्यावर तुमची उत्तरं आधीच आहेत. मी नुसता हात फिरवला तरी कळेल."

त्यांनी त्या कागदावरून एकदा बोट फिरवलं. मग "बरं" म्हणाले आणि पुढच्या रविवारपासून मला वेगळं पॅड मिळालं. मी ते विसरूनही गेले.

दिवाळीच्या आधी, रद्दीत जायच्या अगोदर निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवू म्हणून मी जुने कागद घेऊन बसले. काकूंचे आणि काकांचे टाचलेले होते. सुरुवातीच्या वर्षांत दोघांच्या फुल्या जुळत आणि नाहीही जुळत, जसं असायला हवं तसं. काकूंनी काकांच्या चुका पकडलेल्या दिसत होत्या, समासात बारीक अक्षरात 'हा उपग्रह हो' असं लिहिलेलं. शेवटच्या दोन वर्षांत मात्र सगळंच जुळत होतं, एका रविवारचा काकूंचा पूर्ण कोरा कागद सोडला तर. एके ठिकाणी काकांची एक चौकट चुकून सुटली होती आणि तिथून पुढे त्यांच्या सगळ्या फुल्या एका घरानं सरकल्या होत्या. काकूंच्याही. बरोबर त्याच चौकटीपासून, तितक्याच.

बँकेत दोघांची एकाच जागी एकच चूक सापडली की आम्ही तिसरा पुरावा शोधत नाही. एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं.

मी मिनोतीला विचारलं. ती भांडी घासता घासता सहज म्हणाली, काकीमा शेवटी डाळ बोटांनी चाचपून निवडायची, खडा दाताखाली कधी आला नाही. डोळ्यांचं काय झालं होतं? काचबिंदू. काकूंनी तिला शपथ घातली होती, बाबूला सांगायचं नाही. "मी नाही सांगितलं," मिनोती म्हणाली. "आजपर्यंत नाही."

आता माझ्यापुढे प्रश्न सरळ होता. काकूंचं 'नाही' हे 'नाही' नव्हतंच. हे सांगितलं तर काकांची रेघ मोकळी होते. आणि शेजारच्या खोलीत बसून इतकी वर्षं आपलं काम तपासणारी बायको शेवटी तपासत नव्हती, हेही त्यांना कळतं. मी एक आठवडा काढला. मग ठरवलं की सांगायचं. लघुग्रहाला कुणाच्या संसाराशी काय देणंघेणं?

चहा झाल्यावर म्हटलं, "काका, स्पष्ट विचारते. काकूंना दिसत होतं का?"

ते हसले. हसतील असं मला वाटलं नव्हतं.

"बँकेत असून बराच वेळ लावलात, मॅनेजरबाई."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तिच्या कॉम्प्युटरचा प्लग एकदा सैल झाला. मी पाणी घ्यायला उठलो तर पडदा काळा. आणि ही त्याच्यासमोर मान पुढे करून बसलेली. एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हाताचं बोट कागदावर. तसाच परत आलो. चारला तिनं कागद आणला. सगळ्या फुल्या बरोबर." त्यांनी बोटानं टेबलावर एक चौकट काढली. "त्यानंतर मी दाबून लिहायला लागलो. बोट चुकायला नको तिचं."

"आणि ती वाकडी रेघ?"

बाहेरून एक विमान गेलं तशी त्यांनी हलणारी बशी हातानं दाबून धरली. 

"त्या दिवशी मी कागद बदलला. पॅडच्या मधूनच एक कोरा काढून दिला. म्हटलं एकदाच. इतकी चांगली रेघ, ती कुणीतरी खरंच बघायला हवी होती. वाटलं, तिला काहीतरी दिसत असेल अजून, कडेनं, थोडं. चारला आली. कागद कोरा. म्हणाली, आज काहीच नव्हतं हो."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, खरंय. काहीच नव्हतं."

मी कपबशा उचलून आत ठेवल्या. 

परत येऊन मी म्हटलं, "आता तो फोटो द्या माझ्याकडे."

"तुमचा काय उपयोग? तुम्हाला माहीत झालं की आत रेघ आहे. कोयरीसारखी, तेही मीच सांगितलं. तुमचा डोळा आता दुसरा राहिला नाही."

या बाबतीत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि ते बरोबर होते. "मग असा डोळा आणते," मी म्हटलं, "ज्याला काही माहीत नाही." ते नको म्हणाले. का नको, तेही सांगितलं: "तो रेघ आहे म्हणाला तर ही त्या खुर्चीत नव्हतीच, असं होतं." मी म्हटलं, "त्या होत्या. तुम्ही आत्ताच सांगितलंत कशी बसायची ते." त्यावर ते उठून खिडकी लावायला गेले. खिडकी लावलेलीच होती. परत येऊन त्यांनी फोटो माझ्या पेन ड्राइव्हमध्ये घालून दिला, इतर चाळीस फोटोंत मिसळून, कितवा ते मला न सांगता.

आमच्या शाखेत रोख विभागाच्या शंपादी होत्या. सियालदहहून लोकलनं यायच्या, नोटांच्या बंडलातून खोटी नोट नुसती फडफडवून काढायच्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, चौकटींचा कागद दिला आणि सांगितलं की ठिपक्यांशिवाय काही दिसलं तर फुली मारा. मी दाराबाहेर उभी राहिले.

"कशाचे फोटो आहेत?" त्या आतून ओरडल्या.

"नंतर सांगते."

"तुमच्या साहेबांचा एक्स-रे आहे का?"

"शंपादी, बघा ना."

बऱ्याच वेळानं आवाज आला, "एटा की? चूल ना की?" म्हणजे हे काय, केस आहे का? "काचेवर केस पडलाय बहुतेक. पुसला तर जात नाही. फुली मारू?"

"दिसतंय ते मारा."

त्यांनी मारली. शिवाय दोन उपग्रहांनाही मारली, पण ते चालतं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी वाट बघायला नको. रेघ पोचल्याची पावती आली. एकट्या रेघेवरून मार्ग पक्का होत नाही, म्हणून ती अशाच इतर एकट्या रेघांबरोबर ठेवली आहे, जुळणारी दुसरी मिळाली तर कळवू, असं त्यात होतं. अजून कळवलेलं नाही. काका मुलीकडे गेले आणि दुसऱ्या हिवाळ्यात तिथंच वारले. घराच्या जागी आता चार मजली इमारत आहे. मी त्या रस्त्यानं जाते, कारण शाखेचा जवळचा रस्ता तोच आहे.

मला सांगायचंय ते पाठवण्याच्या रविवारचं. काका बूट घालून बसले. फॉर्म इंग्रजीत होता आणि त्यांना एका बोटानं टाइप करायला वेळ लागे म्हणून कीबोर्ड माझ्याकडे होता. फोटोचा क्रमांक, रेघेची दोन टोकं, तिचा बाक. पहिला निरीक्षक, त्यांचं नाव. दुसरा निरीक्षक, शंपादींचं. शंपादींनी आनंदानं परवानगी दिली होती, फक्त नावापुढे पद लिहा म्हणाल्या. मी पाठवणार इतक्यात काकांनी हात वर केला.

"खाली शेरा लिहायला जागा आहे ना? लिहा."

त्यांनी सांगितलं ते मी इंग्रजी करून लिहीत गेले. हाच फोटो याआधी एकदा पडताळणीला दिला होता. त्या वेळच्या दुसऱ्या निरीक्षकाला रेघ दिसली नाही. निरीक्षकाचं नाव... आणि त्यांनी काकूंचं नाव सांगितलं, माहेरच्या नावासकट, संपूर्ण. त्या दिवसापर्यंत ते मला माहीत नव्हतं.

माझे हात थांबले. "काका, यानं आपलाच दावा लंगडा होतो. एकानं नाही म्हटलंय असं आपण होऊन कोण लिहितं?"

"खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण अर्धंच आहे. का दिसली नाही ते तुम्ही लिहीत नाही आहात."

"ते त्यांनी विचारलेलं नाही."

मी बावीस वर्षं लोकांचे अर्ज तपासते आहे. अर्ज कमकुवत करणारी ओळ मी नेहमी खोडायला लावते आणि अर्धवट माहिती परत पाठवते. या शेऱ्यात दोन्ही होतं.

"पूर्वी पाठवलेल्या रेघांत त्यांचं नाव कुठे आहे?" मी विचारलं. "तिथं तर त्यांनी खरंच बघितलं होतं."

"तेव्हा फॉर्मला एकाच नावाची जागा होती," काका म्हणाले. "आणि मला कधी सुचलं नाही."

मी शेरा पुन्हा वाचला, नावाचं स्पेलिंग त्यांना अक्षर अक्षर विचारून घेतलं आणि पाठवून दिला.